कमळाबाईंचं चौसष्टावं कोडं

कोडं घालणारा उत्तर शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवतो. मी मात्र ते आधीच सांगून टाकते. या गोष्टीत उत्तर एकदा लपून राहिलं आहे, ते पुन्हा लपवायची माझी हिंमत नाही.

गेल्या जानेवारीत आमच्या छोट्याशा रंगमंचाच्या फळ्यांखाली एक घोणस राहत होती. नक्की किती दिवस, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण निदान आठवडाभर रोज सकाळी त्या फळ्यांवर पहिली-दुसरीतली अकरा मुलं बसत होती, खिदळत होती, टाचा आपटत होती, आणि त्या टाचांपासून वीत-दीड वीत अंतरावर ती वेटोळं घालून पडलेली होती. मुलांना तिथं बसवणारी मी. पाय खाली सोडून बसा, असं सांगणारीही मीच.

मी सुमती. उमेदीची बावीस वर्षं रंगभूमीवर काढली, आता चौऱ्याहत्तरीत मुलाकडे कोलशेतला तिसाव्या मजल्यावर असते. माझ्याबद्दल इतकं पुरे. ही गोष्ट कमळाबाईंची आहे, आणि त्यांच्या कोड्यांची.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला, मिठाची एक जुनी वखार आहे. कौलारू. भिंतींचा गिलावा मिठानं खाल्लेला, हात लावला की पिठासारखा गळतो. आसपासची मिठागरं गेली, त्यावर इमारती आल्या, ही वखार तेवढी उरली. कमळाबाईंचा मुलगा प्रफुल्ल याचे काँक्रीटचे ट्रक आहेत. ट्रक उभे करायला जागा हवी म्हणून त्यानं ती कधीच पाडली असती. पण आईनं एकदाच सांगितलं, "मी हाय तवर नाय." प्रफुल्लनं पुन्हा विषय काढला नाही. त्या बाईंचं बोलणं असंच असे, एका वाक्यात पडदा.

अडुसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा, नाकावर जाड काचांचा चष्मा. पायात चप्पल क्वचितच. सहाव्या वर्षापासून मिठागरातला चिखल तुडवलेले ते पाय. तळव्यांना भेगा अशा की त्यात मीठ साठावं. शाळा चौथीपर्यंत. मग लग्न, संसार, मिठागर, आणि पुढे जमिनीला भाव आल्यावर एकदम मोठं घर, मोठी गाडी आणि रिकामे हात. नात पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर बोट ठेवून त्या पुन्हा वाचायला शिकल्या. नातीला धडे कंटाळवाणे वाटत, म्हणून तिच्यासाठी प्राण्यांची कोडी रचू लागल्या.

आगऱ्यांच्या लग्नाची पत्रिका म्हणजे कागद नव्हे, जाडजूड पुठ्ठा असतो. कमळाबाईंच्या घरी वर्षाला शंभर तरी यायच्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर, मार्करनं, चिंचोक्याएवढ्या अक्षरांत त्या कोडं लिहीत. जोडाक्षर शक्यतो नाही. पहिलं कोडं असं होतं:

काळा कोट घातला, लगीन बघायला गेला.
पत्रिका नव्हती, तरी जेवून आला.

मुलांनी ते अक्षर अक्षर जुळवत वाचायचं. उत्तर पुठ्ठ्यावर कुठेच नसे. आणि नियम असा की उत्तर तोंडानं सांगायचं नाही, होऊन दाखवायचं. मग वखारीत एका पायावर उड्या मारणारे पाच-सहा कावळे कावकाव करत फिरत. म्हशीचं कोडं तर मुलांना पाठ होतं: "दिवसभर पाण्यात बसली. बाहेर आली, चिखल नेसली." चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं: "पाय दहा, बूट नाही. घर जवळ, वाट सरळ नाही." दुपारच्या शाळेची मुलं सकाळी नऊला यायची, गावातली आणि आमच्या इमारतींतलीही. सकाळी भिंतीकडेला फिरताना मी अकरा म्हशींचं रेकणं ऐकलं आणि वखारीत डोकावले. इतका प्रामाणिक अभिनय मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

"ताई, तुमी नाटकातल्या ना?" कमळाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "मंग शिकवा यांना. मना कोरी येतात, नाचता नाय येत."

कोरी म्हणजे कोडी; त्यांच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. अशी मी त्यांच्यात सामील झाले.

एक गोष्ट मात्र मला गमतीची वाटे. कुलूप काढलं की कमळाबाई कधीच लगेच आत जात नसत. दाराच्या आडोशाला मीठ ओढायची लांब दांड्याची फळी टांगलेली होती, त्यांच्या बापाच्या हातची. ती घेऊन त्या उंबऱ्यावर तीनदा ठोकत. मग आत जाऊन चारही कोपरे, जुन्या टोपल्यांची रास, बाकांखालची जागा, सगळीकडे तीन-तीन ठोके. मग फळी टेकवून उभ्या राहत, मान किंचित वाकडी करून, कान देऊन. एवढा वेळ मुलं बाहेर रांगेत गप्प. मग "या रे."

"आमच्याकडे तिसरी घंटा असते तसं आहे हे," मी म्हटलं.

"घंटा तुमच्या लोकांना बसवायला," त्या म्हणाल्या. "ही घंटा उठवायला."

"कुणाला?"

त्यांनी फळी जागेवर टांगली.

त्रेसष्ट कोडी होती. चिखलात उड्या मारणारी निवटी होती, बगळा होता, कोल्हा, उंदीर, डास, झुरळसुद्धा. सहा वर्षांच्या श्रियानं एक दिवस सगळे पुठ्ठे जमिनीवर मांडले आणि मोजल्यासारखं बोट फिरवलं. श्रिया आमच्याच इमारतीतली, नवव्या मजल्यावरची. तिची आई कल्पिता बँकेत. पोर बोलायला लाजाळू, पण नजर चाकूसारखी.

"आजी, सापाचं कोडं कुठाय?"

कमळाबाईंचा हात थबकला. "नाव नको घेऊ बाय."

"का?"

"नाव घेतला का येतो."

"मग दिसला तर काय करायचं?"

"तवा पन नाव नाय घ्यायचा. दुसरा कायतरी बोलायचा. लांबडा म्हनायचा, जनावर म्हनायचा. आपल्याला कलला म्हंजे झाला."

श्रियानं मान हलवली. मी हसले. अशा समजुती मी कोकणात, देशावर, सगळ्या दौऱ्यांत ऐकल्या होत्या. आमच्या नाटकमंडळींतही काही शब्द रंगपटात उच्चारायचे नसत. मला ते सगळं ओळखीचं आणि लोभस वाटलं. त्या दोन वाक्यांत पुढच्या जानेवारीचं सगळं संकट लिहून ठेवलेलं आहे, हे तेव्हा कुणाला दिसणार?

रंगमंचाची कल्पना माझी. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पालकांना बोलावून कोड्यांचा खेळ करायचा ठरला. खेळ म्हटला की मला उंची हवी. कोलशेतच्या एका कारखान्यातून प्रफुल्लनं माल ठेवायचे लाकडी पाट आणून दिले, दोनावर दोन रचून आम्ही मागच्या भिंतीला हातभर उंचीचा मंच केला. वर फळ्या, खाली पोकळ.

कमळाबाईंनी वाकून खाली बघितलं. "ताई, पोकल नका ठेवू. पुढून फलया मारून घ्या."

"अहो, झालर लावणार आहे मी. निळी. खाडीचं पाणी वाटेल."

माझ्या जुन्या पेटीत एका नाटकाचा निळा पडदा होता. त्याची झालर शिवली आणि मंचाच्या पुढच्या कडेला लावली. वाऱ्यानं ती हलायची आणि खरंच पाणी वाटायचं. कमळाबाईंचे ठोके मात्र त्या दिवसापासून वाढले. झालर उचलून त्या फळी आत घालत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत.

संक्रांत झाली आणि त्यांना जावं लागलं. बहिणीच्या नातीचं, करिश्माचं, लग्न डोंबिवलीपलीकडच्या गावात. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, आठ-नऊ दिवसांचा मामला.

जाताना किल्ली माझ्या हातात दिली. मग ती लांब दांड्याची फळी. "रोज ठोकून घ्या ताई. पोरा बाहेर उभी करून. इसरू नका."

"नाही विसरणार."

पहिल्या दिवशी ठोकलं. दुसऱ्या दिवशी फळीच्या टोकाला झालर अडकून टराटरा उसवली. ती शिवायला माझा तास गेला. तिसऱ्या दिवशी मी फळी हातात घेतली, झालरीकडे बघितलं, आणि फळी परत टांगून ठेवली. त्यानंतर फळीनं रोज फक्त उंबऱ्यावर तीन ठोके देत राहिले, तेही मुलांना आवडतात म्हणून. ठोक्यांचं मी नाटक करून टाकलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी खूश झाले. वखारीतले उंदीर गेले होते. मुलांच्या बिस्किटांचा चुरा फळ्यांच्या फटींतून खाली पडायचा, त्यावर रोज त्यांची खुडबूड चालायची. आता एकदम शांत. मी कोपऱ्यांत कापूर ठेवला होता, त्याचा गुण आला असं समजले. कल्पितालाही सांगितलं, "बघ, कापरापुढे उंदीर टिकत नाहीत."

त्याच दिवशी श्रियानं पाय वर घेतले.

तिची जागा मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, पुढच्या कडेला. सगळी मुलं कडेवर ओळीनं पाय सोडून बसायची. झालरीवर लोंबणारे ते बावीस पाय मला फार सुंदर दिसायचे. श्रिया मांडी घालून आत सरकली.

"श्रिया, पाय खाली."

ती हलली नाही.

"अगं, सगळ्यांची ओळ मोडते. प्रेक्षकांना कसं दिसेल?"

तिनं पाय खाली सोडले. पण टाचा लाकडाला टेकू दिल्या नाहीत. पुढे ताठ धरून ठेवल्या, पोटऱ्या थरथरेपर्यंत. मी ते पाहिलं. मला वाटलं, पोर शिस्तीत बसायला शिकली.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती मागे राहिली. माझा पदर धरला. "सुमतीआजी, मी कोडं केलंय."

"तू? वा! म्हण की."

ती म्हणू लागली. कोडं घालणारं मूल कुठे बघतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतं, कधी एकदा हा चुकतोय याची वाट बघत. श्रिया माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर झालरीच्या डाव्या टोकावर होती.

अंगावर साखळी, पण कुत्रा नाही.
शिट्टी मारतो, पण कुकर नाही.
आमच्या खाली राहतो, भाडं देत नाही.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सहा वर्षांच्या मुलीनं केलेल्या तीन ओळी, आणि त्यातली शेवटची इतकी ठसकेबाज! रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना हसवेल अशी.

"कोण गं हा?"

"नाव नाही घ्यायचं."

"बरोबर, बरोबर. नियम तो नियम. पण कळलं हो मला!" मी म्हटलं. "आपला दौलत!"

दौलत म्हणजे आमच्या इमारतीचा वॉचमन. गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्यांची लांब साखळी, राहायला तळमजल्यावरची बिनभाड्याची खोली. तीनही ओळी त्याला अंगरख्यासारख्या बसत होत्या. श्रियानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. आपण सांगितलं आणि समोरच्यापर्यंत ते पोचलंच नाही, हे कळलेली नजर.

"पुन्हा म्हण. मोठ्यानं. आणि 'शिट्टी'वर थोडं थांब."

तिनं पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. 'शिट्टी'वर थांबली. बाहेर प्रफुल्लचा ट्रक मागे येत होता, त्याच्या भोंग्यात बाकी सगळे आवाज बुडून गेले.

मी ते कोडं खेळाचं शेवटचं ठरवलं. दौलतलाही सांगितलं, तुझ्यावर कोडं आहे. तो असा फुलला की विचारू नका.

पंचवीस तारखेला शेवटची तालीम. सकाळी साडेनऊ. कमळाबाई आदल्या संध्याकाळी परत आल्या होत्या, पण उशिरा उठल्यामुळे त्या येईपर्यंत मुलं मंचावर बसलेली. हातांवर उतरत आलेली मेंदी, डोळे लग्नाच्या जागरणांनी सुजलेले. दारात थांबल्या.

"ठोकला ना ताई?"

"हो तर," मी म्हटलं. उंबऱ्यावर ठोकलं होतं. माझ्या मते ते खोटं नव्हतं.

त्या समोरच्या बाकावर टेकल्या. शेजारी दौलत, इस्त्रीचा गणवेश, केस चापून बसवलेले. "माझंच कोडं ऐकायला आलोय, मावशी," तो म्हणाला.

"तुझा कोरा? बैलाचा का?"

"थट्टा करा. मॅडमनी खास बोलावलंय."

कोडी सुरू झाली. कावळा झाला, म्हैस झाली. मुलं रंगात. शेवटी मी खूण केली. श्रिया डाव्या कोपऱ्यात, पाय पुढे ताठ धरलेले, चेहरा पांढरा.

"अंगावर साखळी, पण कुत्रा नाही."

दौलतनं किल्ल्या खुळखुळवल्या. मुलं हसली.

"शिट्टी मारतो, पण कुकर नाही."

कमळाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हळूहळू नाही; दिवा विझावा तसं. त्या श्रियाकडे बघत होत्या, मग श्रिया जिकडे बघत होती तिकडे.

"आमच्या खाली राहतो, भाडं देत नाही."

"वॉचमनकाका!" मुलं ओरडली, आणि आनंदानं त्यांनी टाचा आपटल्या.

तेव्हा मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ कोंडून सुटते, तसा. लांब, जाड, थांबतच नाही असा. त्या वखारीत चूलही नव्हती.

दौलत उठू लागला. कमळाबाईंनी त्याच्या छातीवर आडवा हात धरला. "हलू नको." मग मुलांकडे बघून त्या हसल्या. मी आयुष्यात थोर थोर नट पाहिले आहेत. तसं हसू कुणाचं पाहिलं नाही.

"पोरांनो, आता माझा कोरा. एक पाय वर, एक पाय खाली. डोळे मिटले, मासळी आली. बोलायचा नाय. होऊन दाखवायचा."

दहा मुलं एका पायावर उभी राहिली. बगळे.

"बगला पाय कसा टाकतो? पान्यात आवाज नाय झाला पायजे. जो आवाज करंल त्याची मासली पलाली. उजवीकरून एकेक जन खाली. सुमतीताईच्या मागं, भायेर. जा, बगल्या."

मी उजव्या पायरीपाशी उभी होते. एकेक बगळा माझ्या हाताखालून उतरला, चवड्यांवर, गाल फुगवून, हसू दाबत. एकाचा तोल गेला आणि मंचाची फळी करकरली. खालून पुन्हा तो आवाज. पण हात मी हलू दिला नाही. एवढं तरी रंगभूमीनं शिकवलं होतं.

दहा बाहेर गेले. अकरावी तशीच बसलेली. पाय झालरीवर, डोळे मिटलेले.

कमळाबाईंनी भिंतीवरून ती फळी काढली. अनवाणी, तळव्याचा आवाज होऊ न देता त्या मंचासमोर गेल्या, दांड्याच्या लांबीवर उभ्या राहिल्या, आणि फळी आडवी करून झालर आणि श्रियाचे पाय यांच्यामध्ये इंच-इंच सरकवू लागल्या.

"बाय, मी आले. डोले उघरू नको. तू माझी कोन सांग? पाय दहा, बूट नाही."

श्रियाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"होऊन दाखव. चिंबोरी पाय कशी घेते? पोटाशी. हलूहलू. ये."

श्रियानं गुडघे वर ओढले. एक. मग दुसरा. दुसरी टाच वर जाताना झालरीला लागली.

काय झालं ते मला दिसलं नाही, इतकं ते पटकन झालं. निळं कापड फुगलं, आणि लाकडावर एक कोरडा ठोका पडला, कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. कमळाबाईंच्या हातातला दांडा थरथरला, पण फळी जागची हलली नाही. दौलतनं बाजूनं झेप घेऊन श्रियाला उचललं आणि तो दाराबाहेर गेला. त्याच्या किल्ल्या वखारभर वाजल्या.

आणि कमळाबाई ओरडल्या. गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा.

"साप! साप हाय! घोनस हाय आत! कोनी येऊ नका!"

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, जणू तो शब्द पुन्हा आत घालता येणार होता.

कोपरीहून धम्मपाल नावाचा सर्पमित्र आला. पाट एकेक करून हलवले. डाव्या कोपऱ्यात ती होती, चार फूट, मनगटापेक्षा जाड, अंगावर तपकिरी कड्यांची साखळी. शेजारी उंदरांच्या मऊ केसांचा पुंजका आणि एक बिस्किटाचा पुडा. धम्मपालनं तिला पिशवीत घातलं आणि ती फळी उचलून उजेडात धरली. दोन टाचण्यांएवढे ठसे, त्यांच्याभोवती पिवळसर ओल.

"रोज ठोकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी गेली असती," तो म्हणाला. "यांना त्रास नको असतो."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यात जड गेलं ते हेच.

"आजी, मी सांगितलं होतं," बाहेर आईच्या कडेवरून श्रिया म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती.

"सांगितला, बाय," कमळाबाई म्हणाल्या. "तू बरोबर सांगितला. आमी टाल्या पिटल्या."

'आमी'. त्या लग्नघरी होत्या, टाळ्या मी पिटल्या होत्या. पण त्यांनी मला एकटीला उघडं पाडलं नाही.

खेळ अर्थातच झाला नाही. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, किल्ली परत द्यायला. मोठ्या दिवाणखान्यात त्या जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात करिश्माच्या लग्नाची पत्रिका उलटी ठेवलेली, हातात मार्कर. पुठ्ठा कोरा.

"मी ठोकलं नव्हतं," मी म्हटलं. "आत नाही ठोकलं. खोटं बोलले."

"म्हाईत हाय." त्यांनी मार्करचं टोपण लावलं. "मी पन एक खोटा बोलले, ताई. पोरीला. नाव घेतला का येतो म्हनून."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मीठ ओढताना बोलावं तसं.

त्या नऊ वर्षांच्या होत्या. बाप धाकू मिठागरावर. सकाळी टोपल्यांच्या राशीत त्यांना ते दिसलं. नाव घ्यायचं नाही हे शिकवलेलं, म्हणून आईला जाऊन म्हणाल्या, "आये, टोपल्यांत कोनतरी निजलाय." आईला वाटलं मांजर. "निजू दे," म्हणाली. दुपारी बाप टोपली घ्यायला गेला. सगळ्यात खालची.

"ती फलई त्याचीच. बाजूलाच परलेली. ठोकला असता तर..." त्यांनी मार्कर खाली ठेवला. "गावातले म्हनाले, पोरीनं नाव घेतला असंल, म्हनून आला. मी कवाच घेतला नवता. कुनाला सांगू? एकोनसाठ वर्सा मी नाव नाय घेतला. त्रेसष्ट कोरी केली, पन त्याचा नाय केला. आनि त्या लेकराला तोच धरा शिकवला, जो मना शिकवला."

मी त्यांचा हात धरला. मेंदीचा वास होता त्याला, आणि खाली कुठेतरी मिठाचा.

"लिहा," मी म्हटलं.

"अक्षर कठीन हाय."

"मी सांगते."

चौसष्टावा पुठ्ठा त्यांनी त्या दुपारी लिहिला. मंच आम्ही मोडला. पाट प्रफुल्ल घेऊन गेला. झालर मी जाळणार होते, पण कमळाबाईंनी तिच्या पिशव्या शिवल्या, पुठ्ठे ठेवायला. फळी धुऊन परत दाराच्या आडोशाला टांगली. ठसे गेले नाहीत.

पुढच्या सोमवारी वखार उघडली. मुलं बाहेर रांगेत, मी त्यांच्यासोबत. उंबऱ्यावर तीन ठोके. चार कोपऱ्यांत. बाकांखाली. टोपल्यांवर. मग ती लांब शांतता. या वेळी कुणी खिदळलं नाही. आमच्या इमारतीत कुठल्यातरी मजल्यावर कुकरची वाफ सुटली आणि रांगेतल्या अकराही मुलांनी एकदम खाली पायांकडे बघितलं. मीही.

"या रे."

कमळाबाईंनी पुठ्ठा श्रियाच्या हातात दिला. श्रियानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बोट ठेवून वाचू लागली.

"हे को-डं ना-ही. हा सा-प दि-स-ला तर पाय मा-गे घ्या. मो-ठ्यां-ना सां-गा. नाव घे-ऊन सां-गा. तो-वर सां-गा, जो-वर ते उ-ठ-त नाहीत." ती थांबली. खाली एकच शब्द होता, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. तिनं आजीकडे पाहिलं.

"वाच बाय. घे नाव. रात नाय, दिवस हाय."

"घो-ण-स," श्रिया म्हणाली. मग सलग, स्पष्ट: "घोणस."

कमळाबाईंनी मान हलवली. "बरोबर," म्हणाल्या. मग उठल्या, भिंतीवरची फळी पुन्हा काढली, आणि चारही कोपरे परत एकदा ठोकायला गेल्या.